नवी लाइट रेल गाडी उशिरा का येते, आणि आली तरी डेपोत उभी का राहते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. रेल्वेच्या गाड्यांना लागणारे छोटे पार्ट आम्ही बनवतो. ते दुसऱ्याकडे जातात, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, आणि शेवटी कुठल्यातरी गाडीच्या पोटात. एवढ्याशा नात्यावर घरातले, गल्लीतले आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं मला रेल्वेतला जाणकार समजतात. बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक सिटीला नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी दोन वर्षं भंडावून सोडलं. कॅनडात टोरांटो आणि ओटावाला शिकायला गेलेल्यांच्या आईवडिलांनी उरलेली कसर भरून काढली. तेच तेच उत्तर फोनवर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत.

१. लाइट रेल म्हणजे आपली बार्शी लाइटच ना? मग त्यात नवीन काय?

हा प्रश्न हमखास मिरजेहून येतो आणि विचारणारा साठीच्या पुढचा असतो. नाव सारखं, वस्तू वेगळी. बार्शी लाइट ही २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवरची रेल्वे होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. तिथं ‘लाइट’ म्हणजे रूळ हलके, पूल हलके आणि एका आसावरचा भार जेमतेम ५ टन.

आजची लाइट रेल ही शहरातली विजेची गाडी आहे. ट्रामचीच पुढची पिढी म्हणा. कुठे रस्त्याच्या मधोमध, कुठे स्वतःच्या वेगळ्या मार्गिकेवर, कुठे थोडी जमिनीखालून. इथं ‘लाइट’ हा शब्द गाडीच्या वजनापेक्षा तिच्या प्रवासी क्षमतेला लागू होतो. टोरांटोची एक गाडी ३० मीटर लांब आणि सुमारे ४८ टनांची आहे, तिला हलकी कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र जुळते. बार्शी लाइट उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी गाड्या इकडे पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं खास रूळ टाकून त्या चालवून पाहिल्या होत्या. बोटीत चढवण्याआधी रुळावर घालून बघायची अक्कल आपल्या लाइनीला १८९७ पासून आहे.

२. मग ट्राम, लाइट रेल आणि मेट्रो यात फरक काय?

ट्राम बाकी वाहनांत मिसळून चालते आणि सिग्नलला थांबते. मेट्रोला स्वतःचा पूर्ण बंदिस्त मार्ग लागतो. लाइट रेल या दोहोंच्या मधे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. देशात ट्राम म्हटलं की आता कोलकात्याचंच नाव निघतं. लाइट रेल म्हणावी अशी आधुनिक गाडी आपल्याकडे नाही, म्हणून खाली उदाहरणं परदेशातली आणि आपल्या मेट्रोची आली आहेत. चाचण्यांचा गाभा दोन्हीकडे एकच असतो.

३. बोगी आली पण गाडी नाही, असं पेपरात वाचलं. बोगीच तर गाडी असते ना?

आपण डब्याला बोगी म्हणतो. ‘बोगी नंबर काय?’ असं मिरज स्टेशनवर कुणालाही विचारा, डब्याचाच नंबर सांगेल. कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाकं, आस, स्प्रिंग आणि मोटर धरून ठेवणारा सांगाडा. या पानावर बोगी म्हणजे तो सांगाडा आणि डबा म्हणजे डबा.

४. ऑर्डर दिल्यावर गाडी यायला तीन-चार वर्षं कशी लागतात? कार तर महिन्यात मिळते.

कार आधीच बनलेली असते, तुम्ही फक्त रंग निवडता. लाइट रेलची गाडी त्या शहरासाठी शिवावी लागते. रुळांची रुंदी, वळणं, चढ, प्लॅटफॉर्मची उंची, वरच्या तारेतला व्होल्टेज, सिग्नलची पद्धत, सगळं दर शहरात वेगळं. टोरांटोत रुळांची रुंदी १,४९५ मिलिमीटर आहे. जगात बहुतेक ठिकाणी ती १,४३५ असते. या ६० मिलिमीटरपायी तयार बोगी उचलून तिथं लावता येत नाही, आणि वर शंभर वर्षांपूर्वीची काटकोनी वळणं आहेतच.

म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष कागदावर जातं. त्यानंतर जिग-फिक्स्चर (जुळवताना पार्ट जागेवर धरणारी चौकट), पहिला सांगाडा, त्याच्या चाचण्या, त्यातून निघालेले बदल, आणि मग कुठे ओळीनं गाड्या. पहिल्या गाडीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. विसाव्या गाडीलाही तेवढाच लागत असेल तर कारखान्यात काहीतरी बिनसलंय असं समजा.

५. उशीर झाला म्हणजे कंपनीचाच दोष ना?

बऱ्याचदा हो, पण नेहमी नाही. मी उशीर तीन प्रकारचे धरतो. पहिला बनवण्याचा: वेल्डिंग नीट नाही, पार्ट बसत नाही, पुरवठादार मागे पडला. दुसरा ठरवण्याचा: मागणारी संस्थाच अर्ध्यात दाराची रुंदी किंवा सीटची मांडणी बदलते. तिसरा सापडण्याचा: चाचणीत दोष निघाला आणि तो दुरुस्त करायला वेळ गेला.

पहिल्या दोन्हींवर खुशाल चिडा. तिसऱ्यावर चिडणारा माणूस भेटला की मला आमच्या शॉपमधली गोष्ट आठवते. एकदा आमचा अख्खा लॉट परत आला. माप बरोबर, धातू बरोबर, फक्त पार्टवर ठोकलेला हीट नंबर (धातू कुठल्या ओतातला ते सांगणारा) आणि मटेरियलच्या सर्टिफिकेटवरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक. चार आठवडे गेले. मालक चिडले, मीही चिडलो. पण तो पार्ट कुठल्या ओतातून आला हे सांगता येत नसेल, तर उद्या एक तडकल्यावर बाकीचे नेमके कुठल्या गाड्यांत आहेत हे कोण शोधणार?

६. काकू विचारतात: मुलगी टोरांटोत शिकायला होती तेव्हा नवीन ट्राम ‘येणार येणार’ म्हणत होते आणि ती बसनं जायची. नेमकं काय झालं होतं?

टोरांटोनं २००९ मध्ये बॉम्बार्डियर कंपनीकडे २०४ गाड्यांची ऑर्डर दिली. पहिल्या दोन गाड्या ३१ ऑगस्ट २०१४ ला स्पॅडायना मार्गावर प्रवाशांना घेऊन धावल्या. इथवर ठीक होतं. पुढची रांगच लागेना. २०१५ संपताना सत्तरच्या वर गाड्या हव्या होत्या, हातात वीससुद्धा नव्हत्या. मेक्सिकोतल्या कारखान्यातून येणारे सांगाड्याचे भाग कॅनडातल्या थंडर बे इथं जुळवताना नीट बसत नव्हते. एका टोकाला काही मिलिमीटर चुकलं की दुसऱ्या टोकाला दार लागत नाही. मशीन शॉपवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तोवर जुन्या गाड्या म्हातारपणाला आलेल्या, कडाक्याच्या थंडीत बंद पडायच्या. म्हणून ट्रामच्या मार्गांवर बस सोडाव्या लागल्या. तुमच्या लेकीची बस ती हीच. २०१८ मध्ये आणखी एक निघालं: सुरुवातीच्या ६७ गाड्यांच्या वेल्डिंगमध्ये दोष होता, त्या टप्प्याटप्प्यानं परत पाठवून दुरुस्त कराव्या लागल्या. शेवटची, २०४ वी गाडी जानेवारी २०२० मध्ये पोहोचली.

गंमत म्हणजे चालू लागल्यावर गाडी लोकांना आवडली. खालची फरशी, मोठी दारं, व्हीलचेअरला रॅम्प. गाडीची कल्पना चांगलीच होती, घडवणारा हात डळमळीत होता.

७. गाडी रुळावर उभी दिसते, दिवे लागतात, चालतेसुद्धा. मग अजून कसल्या चाचण्या?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

सुरुवात नुसत्या सांगाड्यापासून होते. रिकामा डबा चौकटीत धरून दोन्ही टोकांनी दाबतात. युरोपच्या ईएन १२६६३ या मानकानुसार ट्रामच्या डब्यानं २०० किलोन्यूटन, तर हलक्या मेट्रोच्या डब्यानं ४०० किलोन्यूटन दाब कायमचा वाकडा न होता सोसला पाहिजे. २०० किलोन्यूटन म्हणजे ढोबळ २० टनांचा रेटा. दाबताना डब्यावर जागोजागी ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. बोगीचा सांगाडा वेगळा घेऊन त्याला लाखो वेळा हेलकावे देतात, म्हणजे वर्षानुवर्षांचा थकवा काही आठवड्यांत घालतात.

मग उभ्या गाडीच्या चाचण्या. दार किती ताकदीनं लागतं, मधे हात आला तर उघडतं का, हवेच्या नळ्या गळतात का, विजेचा अंश बाहेर उतरतो का, पावसासारखे फवारे मारल्यावर पाणी आत येतं का. आतलं सामान कसं पेटतं, किती धूर करतं याला वेगळं मानक आहे, ईएन ४५५४५. सीटमधला फोमसुद्धा त्यातून सुटत नाही. थंड-गरम हवामानासाठी व्हिएन्नात १०० मीटर लांबीचा वातबोगदा आहे, उणे ४५ ते अधिक ६० अंशांपर्यंत जाणारा. अख्खी गाडी आत घालतात.

त्यानंतर चालत्या गाडीच्या. वेग, ब्रेक (प्रश्न ८), भरलेल्या गाडीची वागणूक (प्रश्न ९), हादरे, आवाज. एक चाचणी बघायला मजेशीर असते: गाडीच्या कडेला फोमचे ठोकळे लावून तिला सगळ्या मार्गावरून हळू फिरवतात. जिथं ठोकळा घासला तिथं प्लॅटफॉर्म, खांब किंवा भिंत फार जवळ आहे. लाखो रुपयांची लेझर यंत्रणा असली तरी घासलेल्या फोमवर माणसाचा विश्वास जास्त बसतो.

आणि एक अशी जी डोळ्यांना दिसतच नाही. गाडीच्या मोटरला वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आजूबाजूला विद्युतचुंबकीय गोंगाट करते. त्या गोंगाटानं सिग्नल फसता कामा नये. गाडी उभी असताना ‘रूळ मोकळा’ असं सिग्नलला वाटलं, तर काय होईल ते सांगायला नको. नव्या गाडीचे आठवडे इथं फार जातात, कारण गाडी एकाची, सिग्नल दुसऱ्याचा, आणि दोघंही म्हणतात आमचं बरोबर आहे.

८. ब्रेक तर कारलाही असतात. त्यात एवढं तपासायचं काय?

लोखंडी चाक लोखंडी रुळावर टायरसारखं पकडत नाही. हिशोब करा. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चाललीय, नेहमीचा ब्रेक दर सेकंदाला हा वेग सेकंदाला १.२ मीटरनं उतरवतो. थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. रस्त्यावरून चालणाऱ्या गाडीला हे परवडत नाही, पुढे कधी रिक्षा वळेल सांगता येत नाही. म्हणून लाइट रेलला रुळाला चिकटणारा चुंबकाचा ब्रेक असतो आणि चाकापुढे वाळू सोडायची सोय असते. सगळं मिळून तेच अंतर ४० मीटरच्या आत आणता येतं.

कोरड्या रुळावर हे जमलं म्हणून भागत नाही. मुद्दाम साबणाचं पाणी शिंपडून रूळ निसरडा करतात आणि मग ब्रेक मारतात. गळीत हंगामात सांगली-इस्लामपूर रस्त्यावर उसाचा पाला पडून त्यावरून दहिवर पडलं की मोटारसायकल कशी सटकते ते तुम्हाला ठाऊक आहे. रुळावर ओला पाला तसाच असतो, फक्त गाडी ४८ टनांची.

९. टेस्टच्या गाडीत वाळूची पोती भरलेली दिसली. हे कशाला?

ती पोती म्हणजे प्रवासी. रिकामी गाडी, सगळ्या सीट भरलेली गाडी आणि चेंगराचेंगरी झालेली गाडी या तिन्ही अवस्थांत ब्रेक, स्प्रिंग आणि दारं वेगळी वागतात. आपल्या मेट्रोंत माणशी ६५ किलो धरतात आणि तुडुंब गर्दी म्हणजे एका चौरस मीटरला आठ माणसं. खऱ्या माणसांना असं उभं करून दिवसभर ब्रेक मारत बसता येत नाही. काही ठिकाणी पोत्यांऐवजी लोखंडी वजनं किंवा पाण्याच्या टाक्या वापरतात. सांगलीच्या यार्डातल्या हमालांना हे काम दिलं तर अर्ध्या दिवसात उरकतील, असं मी एकदा गमतीनं म्हणालो होतो. खरं तर पोतं कुठे ठेवायचं याचा नकाशा असतो, आणि वेळ त्यातच जातो.

१०. दादा, बंगळुरू मेट्रोची यलो लाइन कधीची बांधून तयार होती. गाडीच नाही म्हणून थांबली असं कसं?

आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, सुमारे १९ किलोमीटर, १६ स्टेशनं. गाड्यांचा करार चीनच्या सीआरआरसी कंपनीशी २०१९ मध्ये झाला, एकूण २१६ डबे. अट अशी की बहुतेक डबे भारतात बनवायचे. कंपनीला इथं कारखाना उभा करता आला नाही. २०२० मध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर सरकारी परवानगीची अट आली, चिनी अभियंत्यांचे व्हिसा अडकले. शेवटी बंगालच्या टीटागढ कंपनीबरोबर जोडी जमली. पहिली नमुना गाडी चीनहून फेब्रुवारी २०२४ मध्ये हेब्बगोडी डेपोत पोहोचली.

इथून उशिराचा प्रकार बदलला. ही विनाचालक गाडी, सिग्नलची पद्धतही तिथं नवी. म्हणजे चाचण्यांची यादी कापायला जागाच नव्हती. लाइन १० ऑगस्ट २०२५ ला उघडली तेव्हा हातात तीन गाड्या होत्या, दर २५ मिनिटांनी एक.

पोरांचा राग मला समजतो. पण प्रश्न ५ मधली विभागणी लावून बघा: २०१९ ते २०२४ चा उशीर पहिल्या प्रकारचा आणि धोरणाचा, नंतरच्या दीड वर्षातला बराच वेळ चाचण्यांचा. शिव्या द्यायच्या तर पाच वर्षांना द्या.

११. ऑसिलेशन ट्रायल आणि सेफ्टी कमिशनरची तपासणी, यात फरक काय?

ऑसिलेशन ट्रायल म्हणजे डोलण्याची चाचणी. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था ती घेते. गाडी रिकामी आणि भरलेली, वेगवेगळ्या वेगानं पळवतात आणि ती किती हलते, चाक रुळावरून उचलायला बघतं का, हे मोजतात. आपत्कालीन ब्रेकचं अंतरही तेव्हाच घेतात.

सेफ्टी कमिशनर अख्खी लाइन तपासतो: रूळ, स्टेशन, सिग्नल, गाडी, बाहेर पडायचे मार्ग. त्याच्या मंजुरीशिवाय एकही प्रवासी बसवता येत नाही. रेल्वेच्या सुरक्षेवर नजर ठेवणारा हा माणूस रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. परीक्षा घेणारा घरचा नको, एवढंच त्यामागचं कारण.

१२. एक गाडी पास झाली की सारख्याच असणाऱ्या बाकीच्या गाड्या का तपासायच्या?

पूर्ण यादी (प्रश्न ७) पहिल्या एक-दोन गाड्यांवरच होते. तिला टाइप टेस्ट म्हणतात, ती डिझाइनची परीक्षा. बाकी प्रत्येक गाडीची छोटी यादी असते, ती रुटीन टेस्ट, म्हणजे हाताच्या कामाची परीक्षा. चाचणी झाल्यावर प्रत्येक गाडीला काही शे किंवा काही हजार किलोमीटर प्रवाशांविना पळवायचं असतं, आकडा करारानुसार. मधे मोठा बिघाड झाला तर मोजणी पुन्हा शून्यावर. टोरांटोच्या वेल्डिंगचा दोष डिझाइनमधला नव्हता, हे इथं आठवा.

१३. एवढ्या चाचण्या करायच्याच असतील तर आधी गाडी सुरू करून चालता चालता दुरुस्त्या का करत नाहीत?

कारण ओटावानं ते करून पाहिलं.

तिथली लाइट रेल २०१८ च्या मे महिन्यात मिळायची होती. ती सुरू झाली १४ सप्टेंबर २०१९ ला. सोळा महिने उशीर झालेला, लोक वैतागलेले, राजकारणी त्याहून जास्त. सुरू करण्याआधी बारा दिवसांची अखेरची रंगीत तालीम होती: ठरलेल्या फेऱ्यांपैकी ९८ टक्के पूर्ण व्हायला हव्यात. गाड्या नापास होऊ लागल्या. मग मधेच पट्टी खाली आणली, ९६ टक्के आणि बारांपैकी चांगले नऊ दिवस धरायचे. गाडी पास झाली. नगरसेवकांना हा बदल सांगितलाच गेला नव्हता, असं पुढे चौकशी आयोगानं नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात लिहिलं.

दहावीच्या पेपरात पस्तीसचे तीस केले तर पोरगा पास होतो, हुशार होत नाही. सुरू झाल्यावर दारं अडकली, हिवाळ्यात चाकं जागोजागी घासून सपाट झाली, तारा तुटल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आसाच्या बेअरिंगपायी एक गाडी घसरली. सप्टेंबरमध्ये दुसरी घसरली, आणि त्याचं कारण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: दुरुस्तीनंतर बोल्ट नीट टॉर्क लावून, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळलेले नव्हते. अख्खी लाइन नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली.

आमच्याकडे बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात, बोल्टपासून खालच्या पार्टपर्यंत. सुटला तर रेघ तुटलेली दिसते. दोन रुपयांचा रंग. अप्रेंटिस पोरं कंटाळून विचारतात, कशाला? मी त्यांना ओटावाचा फोटो दाखवतो.

आता विचारणाऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. शंभर टक्के चाचणी असं काही नसतं, काही दोष खऱ्या गर्दीतच निघतात. म्हणून आधी थोड्या गाड्या, थोडे तास, जुन्या बस चालू ठेवून, असं हळू सुरू करणं योग्य. ओटावात उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच बसमार्ग काढून घेतले आणि सगळी गर्दी एकदम गाडीवर टाकली.

१४. पास झालेल्या गाडीलाही तडे जातात, असं ऐकलं. मग चाचणीचा उपयोग काय?

ऐकलं ते खरं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सिडनीत एका मार्गावरच्या बाराही गाड्या तडे सापडल्यामुळे थांबवाव्या लागल्या. त्याच घराण्यातल्या, स्पेनच्या सीएएफ कंपनीच्या गाड्या त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्येही थांबल्या. चाचणीत जेवढे हेलकावे गृहीत धरले त्याहून वेगळे हेलकावे प्रत्यक्ष रुळावर बसले, की थकव्याचे तडे वेळेआधी येतात. रूळ झिजलेला, वळण अरुंद, वेग थोडा जास्त, यांची बेरीज प्रयोगशाळेत तंतोतंत येत नाही.

जुनं उदाहरण बोस्टनचं. तिथं ब्रेडा कंपनीच्या गाड्यांत मधल्या खालच्या फरशीच्या भागाला दोन चाकांना जोडणारा अखंड आसच नव्हता, चाकं स्वतंत्र फिरायची. कागदावर ठीक. बोस्टनच्या जुन्या रुळांवर गाडी घसरायला लागली. गाडी चूक की रूळ चूक, यावर वर्षं गेली. १०० ची ऑर्डर ९५ वर थांबली. उपाय दोन्हीकडून झाला, चाकाचा आकार बदलला आणि रूळही नीट केले.

१५. एवढा उशीर होतो तर दंड ठोकून ऑर्डर रद्द का करत नाहीत?

दंड असतो, पण त्यालाही कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढच्या उशिराचा कंपनीला खर्च शून्य. रद्द करायचं तर प्रश्न ४ मधली घडी पहिल्यापासून, शिवाय कोर्ट. तरी रद्द होतात. लॉस एंजेलिसनं गाड्या जड आणि उशिरा आल्यावर २००९ मध्ये पुढच्या १०० गाड्यांचा पर्याय सोडून दिला. बोस्टननं सत्तरच्या दशकात हेलिकॉप्टर बनवणाऱ्या बोइंग व्हर्टॉलच्या शेवटच्या ४० गाड्या सरळ नाकारल्या. टोरांटोच्या प्रादेशिक वाहतूक संस्थेनं २०१७ मध्ये मधला मार्ग काढला: बॉम्बार्डियरची १८२ गाड्यांची ऑर्डर ७६ वर आणली आणि हाताशी असाव्यात म्हणून आल्स्टम या दुसऱ्या कंपनीकडून ६१ घेतल्या. आपल्याकडे एक मंडपवाला शेवटच्या क्षणी दगा देईल म्हणून दुसऱ्याला बयाणा देऊन ठेवतात, तसंच.

१६. दुसऱ्या शहराच्या गाड्या उसन्या आणता येत नाहीत का?

कधी कधी येतात. पुणे मेट्रोच्या पहिल्या चाचण्या नागपूर मेट्रोच्या गाड्या आणूनच झाल्या. रुळांची रुंदी, तारेतली वीज आणि संस्था एकच, म्हणून जमलं. मेट्रोचे डबे रेल्वेच्या रुळांवरून ओढून नेता येत नाहीत, कारण आपल्या रेल्वेची रुंदी १,६७६ मिलिमीटर आणि मेट्रोची बहुतेक ठिकाणी १,४३५. म्हणून ट्रेलरवरून येतात. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची पाती खंबाटकी घाटातून जाताना मागे अडकलेल्यांना या प्रवासाची कल्पना असेल.

१७. सांगलीत अशी गाडी असती तर पुराच्या पाण्यात चालली असती का?

नाही, आणि चालवूही नये. खालच्या फरशीच्या गाडीत दाराजवळची फरशी रुळापासून साधारण ३५ सेंटिमीटर उंच असते. बरीच विजेची उपकरणं टपावर असतात हे खरं, पण मोटर, गिअरबॉक्स आणि ब्रेक खालीच. प्रश्न ७ मधली पाण्याची चाचणी ही पावसाची आहे, पुराची नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा गाडीपेक्षा डेपो कुठे बांधला हा प्रश्न महत्त्वाचा ठरला असता. डेपो उंचावर हवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की सगळ्या गाड्या तिथं नेऊन ठेवता येतील.

१८. आमचं छोटं वर्कशॉप आहे. या कामात शिरावं का? पैसे कधी सुटतात?

शिरा, पण घाईनं नको. पहिला पार्ट मंजूर होईपर्यंत (माप, धातू, वेल्डिंग, रंग, कागद) सहा महिने सहज जातात आणि त्या काळात बिल नसतं. वेल्डरची पात्रता कागदावर लागते, नुसता हात चांगला असून चालत नाही. वर गाडी अडली की खाली आपलं पेमेंट अडतं, दोष आपला नसला तरी. एकाच रेल्वे गिऱ्हाइकावर अख्खं शॉप चालवू नका. पंप किंवा ट्रॅक्टरचं काम बाजूला राहू द्या.

१९. सांगली-मिरज-कुपवाडला लाइट रेल कधी?

लोक हा प्रश्न गमतीनं विचारतात आणि उत्तराची वाट मात्र गंभीरपणे बघतात. केंद्रानं लहान शहरांसाठी २०१९ मध्ये मेट्रोलाइटची मानकं काढली, तासाला एका दिशेनं १५,००० पर्यंत प्रवाशांसाठी. २०२० मध्ये त्याहून हलकी, टायरवर चालणारी मेट्रो निओ आली, ८,००० पर्यंत. नाशिकच्या निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले होते. नाशिककरांना विचारा किती बसले त्यात. माझं मत विचाराल तर आधी सांगली-मिरज रस्त्यावर दर पाच मिनिटांना एक धड बस द्या.

२०. टेस्ट चालू असताना आत बसायला मिळतं का? फक्त एक फेरी.

नाही. जागा पोत्यांनी अडवलेली असते, प्रश्न ९ बघा.